प्रतिसाद: कोळशाचं पण बोला की

१९०८ च्या डिसेंबरात कोलंबोला आलेलं अमेरिकन आरमार म्हणजे निव्वळ शक्तिप्रदर्शन असं मूळ लेखात म्हटलंय, ते पटतं, पण कोळसा का विसरताय? पांढऱ्याशुभ्र रंगवलेल्या १६ युद्धनौका, सगळ्या कोळशावर चालणाऱ्या, मग खलाशी पोती भरभरून कोळसा चढवणार, काळी धूळ डेकवर, कपड्यांवर, नाकातोंडात, आणि नंतर अख्खं जहाज घासून धुवायचं. मला तर खरी गोष्ट हीच वाटते, तोफा नंतर.

आणि आमच्या ग्वाल्हेरला समुद्र नाही तरी तेव्हाच्या माधवराव शिंदे महाराजांनी पहिल्या महायुद्धात एम्प्रेस ऑफ इंडिया हे प्रवासी जहाज घेऊन त्याचं लॉयल्टी नावाचं हॉस्पिटल जहाज केलं होतं, त्यावरही कुणीतरी सविस्तर लिहा ना, इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात सुद्धा फार कमी लोकांना माहितीये.