गोळाभाताच्या फोडणीत हिंग कडवट का होतो?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ जिल्हा)
आमच्याकडे गोळाभातावर, म्हणजे डाळीच्या पिठाचे गोळे घातलेल्या भातावर, घ्यायच्या तेलात हिंग सढळ हाताने घालतात. आजी ही फोडणी करायची तेव्हा तिचा वास ओसरीपर्यंत येत असे. मी मात्र शेंगदाण्याचे तेल धूर येईपर्यंत तापवून त्यात मोहरी, लाल मिरची आणि आठवडी बाजारातून आणलेला सुटा हिंग एकामागोमाग घातला, की हिंग क्षणात काळा पडतो आणि तेल कडू लागते. तेल कोमट ठेवले, तर कच्चा, उग्र दर्प तसाच राहतो. शिवाय सासऱ्यांना डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद करायला सांगितला आहे. त्यांच्यासाठी हिंगाचे काही पथ्य आहे का?

उत्तर १ (आर्वी, वर्धा जिल्हा)
ताई, बाजारातला पूड हिंग म्हणजे निव्वळ हिंग नव्हे. हिंगाच्या झाडाचा मूळ चीक इतका जहाल असतो की तो डिंक आणि कणीक, मैदा किंवा तांदळाचे पीठ यांत मळून बांधतात, म्हणून त्याला बांधणी हिंग म्हणतात; धुरावलेल्या तेलात आधी करपते ते हे पीठ, आणि कडवटपणा येतो तो त्याचाच. मोहरी तडतडून थांबली आणि मिरची फुगली, की कढले चुलीवरून उतरवावे, मनात दहा आकडे मोजावेत आणि मग चिमूटभर हिंग सोडावा. तो बारीक फेसाळून बदामी रंगावर आला, की तेल लगेच फोडलेल्या गोळ्यांवर ओतावे. हिंगाचा वास गंधकयुक्त द्रव्यांचा असतो. ती तेलात उतरतात आणि उष्णतेने त्यांचा उग्रपणा मोडून कांदा-लसणासारखा खमंगपणा येतो, त्यामुळे तेल अगदी कोमटही चालत नाही.

उत्तर २ (अचलपूर, अमरावती जिल्हा)
सासऱ्यांचा प्रश्न फोडणीपेक्षा महत्त्वाचा आहे. गहू पूर्ण बंद असलेल्या माणसाला चिमूटभर हिंगातले पीठही चालत नाही, आणि सुट्या हिंगात कोणते पीठ आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. तांदळाच्या पिठात बांधलेला, घटक छापलेला बंद डबीतला हिंगच घ्यावा आणि डबीवर गव्हाचा उल्लेख नाही, हे प्रत्येक खरेदीला वाचावे.

उत्तर ३ (मूल तालुका, चंद्रपूर जिल्हा)
आजीच्या फोडणीचा वास बहुधा खडा हिंगाचा असावा. आमच्या घरी ज्वारीच्या दाण्याएवढा खडा मंद आचेवरच्या तेलात टाकत. तो लाहीसारखा फुलून ठिसूळ झाला, की काढून पळीच्या पाठीने चुरडत आणि चुरा पुन्हा त्याच तेलात घालत. पाण्यात भिजवलेला हिंग तापल्या तेलात कधीही टाकू नये, कारण तेल अंगावर उडते. ते पाणी उकळत्या वरणात किंवा कढीत घालावे. हा चीक मुख्यतः अफगाणिस्तान आणि इराणमधल्या झाडांच्या मुळांना चिरा देऊन काढतात आणि तो बांधण्याचे मोठे काम उत्तर प्रदेशातल्या हाथरसला चालते. पालमपूरच्या संशोधन संस्थेने 2020 मध्ये हिमाचलमधल्या लाहौल खोऱ्यात त्याची लागवड सुरू केली. या झाडाला थंड, कोरडा डोंगराळ मुलूख लागतो, त्यामुळे आपल्या काळ्या मातीत ते रुजवण्याचा नाद करू नये.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. काल कढले उतरवून हिंग घातला आणि तेल अजिबात कडू झाले नाही. तांदळाच्या पिठाच्या हिंगाची डबी यवतमाळहून मागवली आहे. ती येईपर्यंत सासऱ्यांच्या भातावर मोहरी-लसणाची वेगळी फोडणी घालते आहे.