विमानांचे फोटो सारखे रिजेक्ट होतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, वर्षभर विमानांचे फोटो काढतोय आणि आता एका ऑनलाइन गॅलरीत टाकायला लागलोय, पण स्क्रीनिंगमधून (फोटो घेण्याआधीची तपासणी) लागोपाठ नऊ फोटो परत आलेत, कारणं तीच तीच, सॉफ्ट (मऊ, पुरेसा स्पष्ट नाही), ओव्हरशार्पन्ड (कडा जास्तच तीक्ष्ण केलेल्या), हीट हेझ (गरम हवेमुळे थरथरल्यासारखं दिसणं), होरायझन (क्षितिज) वाकडं.

होरायझनचं कळलं, आता मागच्या इमारतीची उभी कड धरून सरळ करतो, रनवेला उतार असू शकतो म्हणून त्यावर विसंबत नाही. सेन्सरवरची धूळपण फोटोशॉपमध्ये इक्वलाइझ (छटांमधला फरक ठळक करणारी कमांड) मारून शोधतो, आकाशात ठिपके लगेच उठून दिसतात.

खरं अडलंय शार्पनिंगवर. काल एक एटीआर ७२ (प्रॉपेलरवालं छोटं प्रवासी विमान) उतरताना मिळालं, प्रॉपेलर गोठल्यासारखे दिसू नयेत म्हणून शटर १/१२५ ठेवलं, पॅनिंग (विमानाबरोबर कॅमेरा फिरवणं) इतकं छान जमलं की शेपटाजवळचा रजिस्ट्रेशन नंबर १०० टक्क्यांवर स्वच्छ वाचता येतो. पण १२०० पिक्सेलला लहान केला की मऊ वाटतो, आणि जरा शार्प केला की पंखाच्या कडेला आणि रंगाच्या तिरक्या पट्ट्यावर पायऱ्या पायऱ्या दिसतात, मग करायचं काय?

तुम्ही लहान केल्यावरच शार्प करता ना? रेडियस (कडेभोवती किती पिक्सेलपर्यंत शार्पनिंग लागतं ते) किती ठेवता, आणि कडा मास्क करून (झाकून) बाकीच्यावरच मारता का? भर दुपारी लांबून काढलेले हेझवाले मी आता सोडूनच देतोय, ते एडिटिंगने सुधारत नाहीत असा माझा अनुभव आहे, कुणाला जमलं असेल तर नक्की सांगा. हा एटीआरचा फोटो मनापासून आवडलाय, तो तरी लागावा असं फार वाटतंय.