घरखर्चाचं सर्वेक्षण पाच वर्षांनी एकदा की बारमाही?

विदाकर (धागा)
घरगुती उपभोग खर्चाचं राष्ट्रीय सर्वेक्षण (एचसीईएस) काही वर्षांतून एकदा मोठ्या नमुन्यावर घेणं थांबवून ते बारमाही करावं, असं माझं ठाम मत आहे. 2011-12 नंतरची फेरी 2017-18 ला झाली. तिचे निकाल दर्जाचं कारण देऊन नोव्हेंबर 2019 मध्ये बाजूला ठेवले गेले, आणि पुढचे आकडे थेट 2022-23 चे आले. मधली अकरा वर्षं गरिबीचा वाद अंदाजांवर चालला. महागाई निर्देशांकातली वजनंही, म्हणजे कुठल्या वस्तूला किती महत्त्व द्यायचं तेही, 2011-12 च्या खर्चावरच अडकून पडली होती. दर वर्षी सर्वेक्षण असेल तर एखादं वर्ष नासलं तरी पुढचं-मागचं वर्ष हाताशी राहतं.

हे आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. पेरू या देशात 2003 पासून घरखर्चाचं सर्वेक्षण अखंड चालू आहे. आपल्याकडे रोजगाराचं राष्ट्रीय सर्वेक्षण (पीएलएफएस) 2017 पासून चालतंय आणि 2025 पासून दरमहा आकडे देतंय.

माझी मांडणी अशी: 2022-23 मध्ये वर्षभरात 2,61,746 घरं सर्वेक्षणात घेतली. तेवढीच पाच वर्षांत वाटली तर वर्षाला साधारण 52,000. प्रत्येक महिन्याच्या वाट्याची गावं आणि नागरी गट (शहरातले घरांचे ठरावीक गट) स्वतंत्रपणे देशाचं प्रतिनिधित्व करतील असे निवडायचे, म्हणजे सणासुदीचा आणि सुगीचा खर्च आपोआप सामावतो. मूळ प्रश्नावली पाच वर्षं गोठवायची. आरोग्य, शिक्षण, प्रवास यांचे जोडविभाग पाळीपाळीने लावायचे.

गावशीव
विरोध. लहान वार्षिक नमुन्यांचा प्रयोग आपण करून बसलोय. 1994 ते 1998 दरम्यान, राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या (एनएसएस) 51 ते 54 व्या फेऱ्यांत, काही घरांना सर्व वस्तूंसाठी 30 दिवसांचा खर्च विचारला आणि काहींना अन्नासाठी 7 दिवसांचा. सात दिवसांवाल्या घरांचा खर्च इतका जास्त आला की त्या हिशेबाने गरिबी निम्म्यावर येत होती. मग 1999-2000 च्या 55 व्या फेरीत एकाच घराला दोन्ही कालावधी शेजारशेजारच्या रकान्यांत विचारले. साहजिकच माणसं एका उत्तराचा दुसऱ्याशी मेळ घालायला लागली आणि ती फेरी आधीच्यांशी ताडून बघता येईना. तिथे नमुना चांगला मोठा होता. चूक विचारण्यात होती, आणि ती घरं वाढवून किंवा महिने वाढवून जात नाही.

विचारणं काय असतं ते बघा. खाद्यतेलाचा प्रश्न सात दिवसांचा, तोही वापराचा, खरेदीचा नाही. पाच लिटरचा डबा तीन आठवड्यांपूर्वी आणलेला. या सात दिवसांत त्यातलं किती गेलं, हे स्वयंपाक करणारी बाईच सांगू शकते. जुलैत भातलावणी चालू असताना ती सकाळी सातला शेतावर गेलेली असते. घरोघरी प्रश्न विचारणारा अन्वेषक अकराला पोचतो, ओसरीवरचे आजोबा 'लिहा दोन लिटर' म्हणतात आणि अन्वेषकाचं टॅब्लेट ते निमूट स्वीकारतं. पाच वर्षांतून एकदा असली घरं पुन्हा तपासायला पर्यवेक्षक मिळतो. बारमाही कामात आजचं गाव उरकून उद्याचं गाठायचं असतं, तपासणीलाच सगळ्यात आधी कात्री लागते.

त्रैराशिक
दोघांनाही आकडे लागतील, म्हणून थोडं गणित.

सध्या एका गावात किंवा नागरी गटात 18 घरं घेतात. शेजाऱ्यांचे खर्च एकमेकांसारखे असतात, त्यामुळे अठरावं घर नवीन फारसं सांगत नाही. हे साम्य (0 ते 1 या मापात) 0.1 धरलं तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे या साम्यामुळे नमुन्याची ताकद किती पटीने घटते तो आकडा, 1 + 17 × 0.1 = 2.7. म्हणजे 52,000 घरांची माहिती सुमारे 19,000 स्वतंत्र घरांएवढीच. गावामागे 8 घरं घेतली तर इफेक्ट 1.7 आणि माहिती सुमारे 30,600 घरांएवढी. पण गावं 2,900 ऐवजी 6,500 होतात. प्रत्येक गावात आधी घरयादी करावी लागते. गाव मोठं असेल तर वाड्या-पाड्यांचे गट पाडून त्यातले काही निवडावे लागतात. खरा खर्च तिथेच जातो. म्हणून विदाकर, 'तेवढीच घरं' म्हणजे तेवढाच पैसा नव्हे.

आणि मासिक आकड्यांचा मोह आवरा. पीएलएफएसचंच उदाहरण घ्या: एखाद्या राज्यात श्रमशक्तीतली (काम करणारी किंवा शोधणारी) 3,000 माणसं नमुन्यात आली आणि बेरोजगारी 5 टक्के निघाली, तर डिझाइन इफेक्ट 2 धरून प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे आकडा साधारण किती हलू शकतो ते माप) 0.56 टक्का येते. खरा दर 3.9 ते 6.1 यात कुठेही असू शकतो. पीएलएफएसचे मासिक आकडे अखिल भारतीय पातळीवरच देतात ते यासाठीच. खर्चाच्या बाबतीत मी वर्षाला देशाचा आकडा देईन, राज्यांचा तीन वर्षं एकत्र करून. जिल्ह्याचा देणारच नाही.

विदाकर
गावामागे 8 घरं मान्य, खर्च वाढतो हेही मान्य. पण गावशीव, तुमचा 55 व्या फेरीचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. पाच वर्षांनी फेरी येते, म्हणून प्रत्येक वेळी नवी समिती प्रश्नावलीत हात घालते. 2022-23 ला एका भेटीऐवजी तीन भेटी झाल्या, अन्न, सेवा आणि टिकाऊ वस्तू वेगळ्या केल्या. बदल चांगलाच होता, पण 2011-12 शी सांधा तुटला. बारमाही सर्वेक्षणात वर्षभर निम्म्या घरांना जुनी आणि निम्म्यांना नवी प्रश्नावली देऊन बदलाचा परिणाम मोजता येतो. मात्र एका घराला एकच द्यायची.

गावशीव
तो सांधा मोजता येईल, हे मानतो. माणसांचं काय? अन्वेषक कंत्राटी असेल तर शिकून तयार होईपर्यंत निघून जातो. शहरातल्या मोठ्या सोसायट्यांत फाटकावरच नकार मिळतो आणि त्या जागी शेजारचं जे घर दार उघडतं ते घेतलं जातं. वरच्या थराचा खर्च अशाने दरवर्षी गळत राहील.

त्रैराशिक
त्या गळतीला एक उपाय 2022-23 मध्ये वापरला गेलाय: शहरी घरयादीत चारचाकी आहे का आणि कितीची, हे विचारून थर पाडले आणि प्रत्येक थरातून घरं घेतली. बदली घर त्याच थरातलं हवं, आणि नकार देणाऱ्यांची संख्या थरवार छापायला हवी. दुसरी गोष्ट नमुना चौकटीची, म्हणजे ज्या यादीतून नमुना निवडतात तिची. गावांची यादी अजून 2011 च्या जनगणनेची आहे. बारमाही रचना करायचीच तर नव्या जनगणनेची यादी हातात आल्यावर करा, नाहीतर दुसऱ्याच वर्षी सगळी वजनं (नमुन्यातलं एक घर किती घरांच्या वतीने मोजायचं ते) बदलावी लागतील.

गावशीव
नव्या यादीपर्यंत थांबायचं असेल तर तोवर पर्यवेक्षकांची कायम पदं भरा. पाच अन्वेषकांमागे एक, आणि दर गावात दोन घरं त्याने स्वतः पुन्हा विचारायची, अन्वेषकाला न सांगता. शिवाय प्रकाशनाची तारीख वर्ष सुरू व्हायच्या आधी जाहीर करायची, निकाल कसाही आला तरी त्या दिवशी बाहेर. या दोन गोष्टी लेखी आल्या तर माझा विरोध मागे. तोवर कायम आहे.