मदत हवी आहे: मिशिगन लिली की टर्क्स कॅप?

मंडळी, ओहायोत ओलसर कुरणाच्या कडेला केशरी, ठिपकेवाली जंगली लिली फुललीये, फुलं खाली मान घातलेली आणि पाकळ्या मागे वळून पार देठाकडे गेल्यात, त्यामुळे कॅनडा लिली (लिलियम कॅनडेन्स) मी बाद केली कारण तिच्या पाकळ्या घंटेसारख्या राहतात, फक्त टोकं बाहेर वळतात. बागेतून पळालेली टायगर लिलीही नाही, पानांच्या बेचक्यात ते काळे मण्यासारखे कंद कुठेच नाहीत, पानंही चक्राकार आहेत, म्हणजे खोडाच्या एकाच जागेवरून गोलाकार फुटलेली.

आता उरल्या दोन, लिलियम मिशिगनेन्स (मिशिगन लिली) आणि लिलियम सुपर्बम (टर्क्स कॅप), आणि इथेच गाडी अडलीये. सुपर्बमच्या मध्यभागी हिरवी चांदणी ठळक असते, माझ्या फुलात हिरवट आहे पण चांदणी म्हणावी इतकी नाही. पानाच्या कडेवरून बोट उलटं फिरवलं तर किंचित खरखरीत लागतं, म्हणजे मिशिगनेन्स, कारण सुपर्बमची कड बहुतेक गुळगुळीत असते. पण झाड माझ्या डोक्याच्या वर गेलंय, ते बघून सुपर्बमच वाटते (उंचीवर माझा तसा फार भरवसा नाही). परागकोश मोजायचे राहिलेत, दीड सेंमीच्या वर भरले तर सुपर्बम ना? आणि ते फूल पूर्ण उमलल्यावर मोजायचे की फुटायच्या आधी, कारण फुटल्यावर आकसतात.

शिवाय कॅनडेन्स आणि मिशिगनेन्सचा संकर होतो म्हणे, तो कसा ओळखायचा? कंद उकरून बघा असं प्लीज सांगू नका, तेवढं सोडून काहीही तपासतो. जरा लवकर सांगा, हरणं कळ्या खायला लागलीत.