मदत हवी आहे: एमसीएफ-7 पेशींत क्लीव्ह्ड कॅस्पेज-3 चा बँड का दिसत नाही?

पेशीपुराण:

नमस्कार. स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-7 पेशींना डॉक्सोरुबिसिन (कर्करोगाचं औषध) 1 मायक्रोमोलर, 24 तास दिलं. एमटीटी चाचणीत जिवंत पेशींचं प्रमाण स्पष्ट घटतंय, पण वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीनं आकाराने वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) क्लीव्ह्ड कॅस्पेज-3, म्हणजे पेशीचं नियोजित मरण घडवणाऱ्या एन्झाइमचं कापून सक्रिय झालेलं रूप (17/19 किलोडाल्टन) अजिबात उमटत नाही. ॲक्टिन (तुलनेसाठीचं नेहमीचं प्रोटीन) व्यवस्थित आहे. लेनला 30 मायक्रोग्रॅम प्रोटीन, 12 टक्के जेल, 0.45 मायक्रॉनचा पीव्हीडीएफ पडदा. अँटिबॉडी बदलावी की मात्रा वाढवावी?

निळा_मार्कर:

दोन्हींपैकी काहीच नको. एमसीएफ-7 मध्ये कॅस्पेज-3 नसतंच. त्याच्या जनुकाच्या एक्झॉन 3 (जनुकाचा एक तुकडा) मधले 47 बेस गळालेले आहेत, त्यामुळे प्रोटीन तयार होत नाही. हे 1998 पासून छापील आहे, तरी दरवर्षी कुणाची तरी अँटिबॉडी यात वाया जाते. पुण्याच्या एनसीसीएस या पेशी पुरवणाऱ्या केंद्रातून घ्या की परदेशातून, या सेल लाइनचा तो गुणधर्मच आहे. खात्री करायची तर अखंड कॅस्पेज-3 ची (सुमारे 35 किलोडाल्टन) अँटिबॉडी लावा आणि शेजारच्या लेनमध्ये हेला किंवा जुरकॅट या दुसऱ्या सेल लाइनचा नमुना ठेवा. तिथे बँड येईल, तुमच्या लेनमध्ये नाही.

पेशीपुराण:

धन्यवाद! पण मग एक कोडं आहे. रंग मोजणाऱ्या 'कॅस्पेज-3 ॲक्टिव्हिटी' किटमध्ये याच पेशींनी चांगलं रीडिंग दिलं. ते कुठून आलं?

निळा_मार्कर:

कॅस्पेज-7 कडून. किटमधला सबस्ट्रेट डीईव्हीडी हा चार अमिनो आम्लांचा तुकडा असतो आणि तो 3 व 7 दोघंही कापतात. म्हणून एमसीएफ-7 चं रीडिंग प्रबंधात 'कॅस्पेज-3' म्हणून लिहू नका, 'डीईव्हीडी कापणारी क्रिया' असं लिहा. परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात.

पेशी मरण्याची साखळी अशी आहे: बीसीएल-2 आणि बीसीएल-एक्सएल ही प्रोटीनं बॅक्स-बॅक या मारक प्रोटीनांना धरून ठेवतात. डीएनएला इजा झाली की पी53 हे रक्षक प्रोटीन प्यूमा आणि नॉक्सा ही प्रोटीनं वाढवतं, ती ही पकड सोडवतात. मोकळे झालेले बॅक्स-बॅक मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात आणि सायटोक्रोम-सी बाहेर येतं. ते ॲपाफ-1 या प्रोटीनाला मिळून ॲपोप्टोसोम हा प्रोटीनांचा संच बनतो, त्यावर कॅस्पेज-9 जागं होतं आणि ते 3 व 7 ला कापून सक्रिय करतं. यात एक्सआयएपी हे रोधक प्रोटीन कॅस्पेज-9, 3, 7 तिघांनाही अडवू शकतं. तुमच्या पेशींत शेवटच्या पायरीवरचा एकच गडी गैरहजर आहे, बाकी सगळं चालू आहे. म्हणून हे बघा:

- पार्प-1 (डीएनए दुरुस्तीचं प्रोटीन): कापलं की 116 वरून 89 किलोडाल्टन. कॅस्पेज-7 हे काम एकटं करतं. सुमारे 50 चा तुकडा ठळक दिसला तर नेक्रोसिसचा (पेशीच्या अनियंत्रित मरणाचा) संशय घ्या.
- क्लीव्ह्ड कॅस्पेज-7: सुमारे 20 किलोडाल्टन. जेल 15 टक्के आणि पीव्हीडीएफ 0.2 मायक्रॉनचा घ्या. 0.45 मधून इतकी लहान प्रोटीनं लांबलेल्या ट्रान्स्फरमध्ये आरपार जातात.
- सायटोसोलमधलं सायटोक्रोम-सी: डिजिटोनिनने फक्त बाहेरचा पेशीपडदा उघडायचा. त्याच लेनमध्ये कॉक्स-4 हे मायटोकॉन्ड्रियातलं प्रोटीन दिसलं तर डिजिटोनिन जास्त झालं आणि मायटोकॉन्ड्रियाही वर आले. तो ब्लॉट टाकून द्या.

डीएनए लॅडर (तुटलेल्या डीएनएचे जेलवरचे शिडीसारखे पट्टे) मात्र करू नका. आयसीएडी हे रोधक प्रोटीन कापून सीएडी हे डीएनए तोडणारं एन्झाइम मोकळं करायला मुख्यतः कॅस्पेज-3 लागतं, त्यामुळे या पेशी मरतात तरी लॅडर पडत नाही.

तरंगत्या_पेशी:

वरच्या उत्तराला जोड. मीडियम बदलताना तरंगणाऱ्या पेशी फेकल्या जात नाहीत ना? मेलेल्या पेशी नेमक्या त्याच. जुना मीडियम आणि पीबीएस बफरचं धुणं ट्यूबमध्ये ठेवा, ट्रिप्सिनने सोडवलेल्या पेशी त्यातच मिसळा, मग 300 जी, 5 मिनिटं.

एमटीटीवर विसंबू नका. ते चयापचय मोजतं, मरण नाही. एमसीएफ-7 मध्ये पी53 धडधाकट आहे, त्यामुळे डॉक्सोरुबिसिनच्या कमी मात्रेत पेशी मरण्याऐवजी वाढ थांबवून चपट्या, मोठ्या होऊन बसतात. एमटीटीत दोन्ही सारखंच दिसतं.

ॲनेक्सिन-व्ही (मरणाऱ्या पेशींना चिकटणारं प्रोटीन) करणार असाल तर पीआय (मेलेल्या पेशी रंगवणारा डाय) टाळा. डॉक्सोरुबिसिन स्वतःच 488 नॅनोमीटरच्या लेसरखाली नारिंगी-लाल चमकतं आणि थेट पीआयच्या चॅनेलमध्ये सांडतं. औषध दिलेली प्रत्येक पेशी 'मेलेली' दिसते. 7-एएडी या डायचीही तीच गत. ॲनेक्सिन एपीसी रंगाचं घ्या, व्हायोलेट लेसर असेल तर सोबत डॅपी हा डाय. औषध दिलेली पण डाय न घातलेली एक ट्यूब हवीच. बाइंडिंग बफरमध्ये कॅल्शियम 2.5 मिलिमोलर लागतं. ट्रिप्सिनमधलं ईडीटीए राहिलं तर ते कॅल्शियम पकडतं आणि ॲनेक्सिन चिकटतच नाही. म्हणून आधी पीबीएसने दोनदा धुवा. 100 मायक्रोलिटरमध्ये 1 लाख पेशी, अंधारात 15 मिनिटं, आणि तासाभरात मशीनवर.

पेशीपुराण:

फार उपयोगी. प्रस्तावात कॅस्पेज-3 लिहिलेलं आहे, गाइड तेच मागतात. दुसरी कोणती सेल लाइन?

निळा_मार्कर:

टी-47डी. तीही इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेली, त्यामुळे तुलना योग्य. एमडीए-एमबी-231 मध्येही कॅस्पेज-3 आहे, पण तिच्यात तो रिसेप्टर नाही. दोन्हींत पी53 बदललेलं आहे, म्हणून मात्रा आणि वेळ नव्याने ठरवा: 6, 12, 24, 48 तास. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून जुरकॅटला स्टॉरोस्पोरिन (पेशींना मरायला लावणारं रसायन) 1 मायक्रोमोलर, 3 ते 4 तास. एका लेनमध्ये औषधाच्या तासभर आधी झेड-व्हॅड-एफएमके (कॅस्पेजना अडवणारं रसायन) 20 ते 50 मायक्रोमोलर द्या, आणि बाकी सगळ्या लेनमध्ये तेवढंच डीएमएसओ (ते विरघळवायचा द्राव). त्या लेनमध्ये पार्पचा 89 चा बँड गेला, तर तो कॅस्पेजनेच कापला होता असं गाइडना दाखवता येईल.