मदत हवी आहे : ‘मॅट’ शब्दाची व्युत्पत्ती

रंगकाम आणि छपाईतल्या संज्ञांचा छोटा मराठी कोश करते आहे. ‘मॅट’च्या नोंदीपाशी गाडी अडली आहे.

अर्थाची अडचण नाही. पृष्ठभागावरचा सूक्ष्म खडबडीतपणा प्रकाश एकाच दिशेला न परतवता चहूकडे विखुरतो, म्हणून चकाकी दिसत नाही. रंगात सिलिकाची बारीक पूड घालतात ती याचसाठी. ‘फिका’ आणि ‘निस्तेज’ हे पर्याय मी बाद केलेत, कारण गडद काळा रंगही मॅट असतो.

व्युत्पत्तीला मात्र दोन वाटा फुटतात. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ हरलेला, गलितगात्र. तिथून मागे काही जण लॅटिन ‘मात्तुस’कडे (म्हणजे नशेत झिंगलेला) जातात, तर काही जण बुद्धिबळातल्या अरबी-फारसी ‘मात’कडे. जर्मन ‘माट’ चकाकी नसलेला, थकलेला आणि बुद्धिबळात मात झालेला अशा तिन्ही अर्थांनी चालतो, त्यामुळे माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. ती खरी असेल, तर आपल्या ‘मात करणे’मधला शब्द याचा भाऊबंद ठरतो आणि ते नोंदीत यायलाच हवं.

अंथरायची मॅट इथे नको. ती लॅटिन ‘मात्ता’वरून, म्हणजे चटईवरून आलेली. संस्कृत ‘मत्त’शी नुसत्या ध्वनिसाम्यावरून जोडलेली नातीही नकोत.

या दोहोंपैकी एका बाजूचा ठोस पुरावा कुणी वाचला आहे का, की दोन्ही मतं शेजारी-शेजारी द्यावीत? आणि कारागिरांच्या तोंडी ‘बिनचमक’पेक्षा रुळलेला मराठी शब्द कोणता?