टॅटू-ग्राफिटीवाल्यांचे खरे टी-शर्ट कुठले घ्यावेत? (भाच्यासाठी, दीर अमेरिकेतून आणणार आहेत)

अनुजा_प
मंडळी, मदत हवी आहे. विषय माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, हसू नका.

भाचा कमर्शियल आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवसभर कवट्या, साप, गुलाब आणि भिंतीवरची वेडीवाकडी अक्षरं काढत असतो. गेल्या वाढदिवसाला मी फेसबुकवरची जाहिरात बघून त्याला एक काळा टी-शर्ट मागवून दिला. खंजीर, त्याला वेढलेला साप, खाली गुलाब. ८९९ रुपये. त्याने घडी उलगडली, बराच वेळ बघितलं आणि फोनवर मला मूळ चित्र काढून दाखवलं. कुणा परदेशी टॅटूवाल्याचं होतं, कोपऱ्यात त्याची सही. आमच्या शर्टावर सहीच्या जागी ढगासारखा एक डाग. "आत्या, सही खोडलीय बघ." बरं, तिसऱ्या धुण्याला सापाची शेपटीही निघून आली.

यंदा चूक करायची नाही. दीर सॅन होजेला असतात, २० डिसेंबरला येतायत. दोन शर्ट आणा म्हटलं तर आणतील (जाऊबाईंनी बॅगेतली जागा मोजून दिली आहे). मोठ्या कंपनीचे नकोत, चित्रकारांनी स्वतः काढलेल्या छोट्या ब्रँडचे हवेत. दोन्ही मिळून ८० डॉलरपर्यंत चालेल. सुचवा.

टिंब
बॅंक्सीचा घ्या की, तो नाव लपवून भिंतींवर चित्रं काढणारा ब्रिटिश. ती फुगा सुटलेली मुलगी. सगळ्यांना आवडते.

बे_एरियातला_बाब्या
टिंबराव, तिथेच तर गोची आहे. दुकानोदुकानी लटकलेल्या बॅंक्सीच्या शर्टांशी बॅंक्सीचा काडीचा संबंध नसतो. २०२२ च्या नोव्हेंबरात लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर गेस या कंपनीच्या दुकानात त्याची चित्रं असलेले कपडे मांडले होते, तर त्याने इन्स्टाग्रामवर चोरट्यांना जाहीर आवतण दिलं. मला न विचारता यांनी माझी चित्रं उचलली, तुम्ही यांचे कपडे उचला, अशा अर्थाचं. दुकानाला काच झाकून दाराशी रखवालदार उभा करावा लागला. अनुजाताईंचा भाचा सही शोधणाऱ्यातला दिसतोय. त्याला बॅंक्सी दिलात तर पुन्हा तेच होईल.

आता मुद्द्याचं.

सलन. २००१ पासूनचा, दक्षिण कॅलिफोर्नियाचा. सगळा पसारा टॅटू कलाकारांभोवती उभा केलेला आहे. बहुतेक शर्टांवरचं चित्र कोणा ना कोणा टॅटू कलाकाराचं असतं आणि त्याचं नाव सांगून विकतात. साइटवर नाव वाचायचं, मग इन्स्टाग्रामवर त्या माणसाची कामं बघायची, आवडला हात तर घ्यायचा. तीस-पस्तीस डॉलरच्या आसपास मिळतो. नकारार्थी गोष्ट एकच, कवट्यांचा अतिरेक. घरात सत्यनारायण असेल त्या दिवशी भाच्याला दुसरं काहीतरी घालायला सांगा.

रेबेल एट. हा माझा लाडका. २००३ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाला. चित्रं माइक जायंटची, म्हणजे आधी ग्राफिटी, मग टॅटू, दोन्हीकडे नाव कमावलेला माणूस. नुसती काळी रेघ, पण काय रेघ! मार्करने ओढलेली, कुठे जाड नाही की कुठे बारीक नाही. त्याच्या काळातले शर्ट आता वापरलेलेच मिळतात. पण दीर सॅन होजेला आहेत म्हणजे आमच्याच भागात. इथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत दोन-तीन शनिवार घालवले तर हाताला लागतो. मला पंधरा डॉलरला मिळालाय, काखेत छोटं भोक आहे, मी ते शिवलेलं नाही.

ओबे. ही शेपर्ड फेअरी या रस्त्यावरच्या चित्रकाराची गादी. १९८९ मध्ये कॉलेजात असताना त्याने आंद्रे द जायंट या पैलवानाच्या तोंडाचे स्टिकर गावभर चिकटवले, तिथून सगळं सुरू. ओबामांचं ते लाल-निळं पोस्टर याचंच. कपड्यांचा धंदा २००१ पासूनचा. पण आता तो छोटा राहिलेला नाही, मॉलमध्ये मिळतो. तुमच्या अटीत बसत नाही म्हणून खालच्या नंबरावर.

एड हार्डी मात्र घेऊ नका. म्हणजे घ्या, पण आधी गोष्ट ऐका. डॉन एड हार्डी हा या धंद्यातला बाप माणूस. सॅन फ्रान्सिस्कोत रीतसर प्रिंटमेकिंग शिकला, १९७३ मध्ये जपानला जाऊन होरीहिदे या टॅटू गुरूंकडे काम केलं, परत येऊन आधी वेळ ठरवून, गिऱ्हाइकासाठी खास चित्र काढून गोंदायचं दुकान टाकलं. तोवर टॅटू म्हणजे भिंतीवर टांगलेल्या तक्त्यातलं एक बोट दाखवून निवडायचं. पुढे चित्रं वापरायचा परवाना क्रिस्तियान ओडिजिए नावाच्या व्यापाऱ्याकडे गेला आणि त्याने वाघाच्या डोळ्यात चमकते खडे बसवून टोपीपासून बाटलीपर्यंत सगळं विकलं. लोकांना हार्डी म्हणजे खड्यांचा शर्ट एवढंच ठाऊक राहिलं. २०१९ ला इथल्या डी यंग संग्रहालयात त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं, मी दोनदा गेलो. पहिल्यांदा बायकोही होती. "हा तोच का खड्यांवाला?" तिने दारातच विचारलं.

कोपऱ्यातली_सई
बाब्या, लेख छान (धागा हायजॅक करायची सवय गेली नाही तुझी).

अनुजाताई, कीथ हेरिंग बघितलात का? न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत जाहिरातींच्या रिकाम्या चौकटींवर काळा कागद असायचा, त्यावर हा खडूने चित्रं काढायचा. रांगणारं बाळ, भुंकणारा कुत्रा. १९८६ मध्ये त्याने स्वतःच तिथल्या सोहो भागात पॉप शॉप नावाचं दुकान काढलं, भिंती-छत सगळं स्वतः रंगवून, आणि तिथे टी-शर्ट विकले. तेव्हा गॅलरीवाल्यांनी नाकं मुरडली. तो १९९० मध्ये गेला, दुकान २००५ पर्यंत चाललं. आता त्याच्या नावाच्या संस्थेच्या परवान्याने युनिक्लो या जपानी कपड्यांच्या दुकानांत त्याचे शर्ट येतात, कुर्ल्याच्या फिनिक्समध्ये युनिक्लो आहे. स्वतंत्र ब्रँड नाही हे कबूल, पण चोरीचा माल नाही आणि दिरांच्या बॅगेत जागाही जात नाही.

शाईवाला
ठाण्यात टॅटूचा स्टुडिओ चालवतो, म्हणून दोन शब्द.

वरची यादी ठीक आहे. पण खरा स्वतंत्र टी-शर्ट म्हणजे टॅटूच्या दुकानाचा स्वतःचा. जवळपास प्रत्येक जुन्या दुकानाचा असतो. पुढे छातीवर छोटं चिन्ह, पाठीवर मोठं चित्र, खाली दुकानाचं नाव आणि गाव. चित्र तिथेच खुर्चीमागे उभ्या असलेल्या माणसाने काढलेलं असतं. शंभर-दोनशे छापतात, संपले की संपले, पुढच्या वर्षी दुसरं चित्र. ऑनलाइन बहुतेकदा मिळतच नाहीत. आमच्या धंद्यातली माणसं परगावी गेली की हेच गोळा करतात. माझ्याकडे एकवीस आहेत, त्यातले चार अंगात शिरत नाहीत, तरी देत नाही कुणाला.

तेव्हा दिरांना सांगा, घराजवळच्या चांगल्या दुकानात जा आणि काउंटरवर विचारा, तुमचा शर्ट आहे का. गोंदून घ्यायची सक्ती नसते.

अनुजा_प
@शाईवाला, दीर ५४ वर्षांचे आहेत, डेटाबेसवर काम करतात. टॅटूच्या दुकानात??

शाईवाला
माझ्याकडे परवा एक ६८ वर्षांच्या काकू आल्या होत्या. आईच्या हातावर होतं तसं तुळशीवृंदावन हवं म्हणाल्या. दिरांना पाठवा बिनधास्त.

कावळा_नाका
सगळे अमेरिकेला का धावताय? आपल्याकडे काही नाही का? ८० डॉलरमध्ये इथे किती शर्ट येतील हिशेब करा.

कोपऱ्यातली_सई
आहे ना. वांद्र्याचं कल्चर शॉप. भारतीय ग्राफिक कलाकारांची चित्रं, प्रिंट आणि टी-शर्टवर, कलाकाराच्या नावानिशी. जस चरणजीवा या चित्रकर्तीची ती गुलाबी साडीतली, मूठ दाखवणारी बाई आठवते? दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर काढलेलं चित्र. ते वांद्र्यात भिंतीवरही आलं आणि शर्टावरही. म्हणजे रस्त्यावरून कपड्यावर आलेलं हे आपलं हक्काचं उदाहरण. जायच्या आधी दुकान कधी उघडं आहे ते विचारून घ्या, मी एकदा शटरला नमस्कार करून परत आले आहे.

शाईवाला
+१. आणि अवांतर: गोंदणाची नक्षी कापडावर आणायची कल्पना काही शहरातल्या पोरांची नाही. छत्तीसगडात सरगुजाकडच्या बायका गोदन्याची चित्रं साड्यांवर, चादरींवर रंगवतात. एका प्रदर्शनात मी दुपट्टा घेतला होता. माझ्या सुईला जमणार नाहीत इतके एकसारखे ठिपके.

स्क्रीनवाला_इचल
ब्रँडचं मला कळत नाही, छपाईचं कळतं. इचलकरंजीत बावीस वर्षं टेबलावर उभा आहे.

ताई, तुमच्या सापाची शेपटी निघाली म्हणजे तो बहुतेक डीटीएफ. आधी फिल्मवर छापतात, मागे गोंदाची पावडर टाकतात, मग हीट प्रेसखाली शर्टावर चिकटवतात. पद्धत वाईट नाही, एकदोन नग करायचे तर तीच परवडते. पण दाब किंवा गरमी कमी पडली की कडा सुटतात. ओळखायचं कसं: चित्रावर तळहात फिरवा. दुधावरची साय हाताला लागावी तसा पापुद्रा लागतो.

स्क्रीन छपाईत जाळी ताणलेल्या फ्रेममधून शाई कापडावर उतरवतात, प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम. प्लास्टिसोल शाई १६० अंशांच्या आसपास शिजवावी लागते, कच्ची राहिली की धुण्यात भेगा. शर्ट हातात आला की चित्र दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणा. रबरासारखं ताणून परत आलं तर शिजलंय, उन्हाळ्यातल्या शेतासारखं फाटलं तर ठेवून द्या तिथेच.

टॅटूच्या चित्रांची अडचण वेगळी. रेघा बारीक, आणि एकमेकींना चिकटून. फ्रेमची जाळी जाड असली की मधली फट शाईने भरते आणि गुलाबाच्या पाकळ्यांचा लाडू होतो. सापाचे खवले बघा, सुटे दिसले तर कारागीर चांगला.

काळ्या शर्टावर डिस्चार्ज छपाई मिळाली तर सोनं. त्यात शाई वर बसत नाही, कापडाचा रंगच काढून टाकते. डोळे मिटून हात फिरवला तर चित्र कुठे आहे कळत नाही. नवा असताना नासक्या अंड्यासारखा वास येतो, एका धुण्यात जातो, घाबरून परत करू नका.

कापड १८० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) रोजच्याला बरं. हल्ली पोरांना २४० चं जाड आवडतं, अंगात ढगळ. पुण्याच्या मे महिन्यात घालून दाखव म्हणावं.

आणि माप अमेरिकन एल-एक्सएलवर सोडू नका. भाच्याचा आवडता शर्ट सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत इंचात मोजा, तो आकडा दिरांना कळवा.

टिंब
हा प्रतिसाद वाचून मी कपाटातले सहा शर्ट ताणून बघितले. दोन गेले.

अनुजा_प
सगळ्यांचे आभार, खरंच. काख ते काख २१ इंच भरली. दिरांना सलनची लिंक पाठवली आणि टॅटूच्या दुकानाचंही लिहिलं. त्यांनी फक्त अंगठा पाठवला आहे, अर्थ काय घ्यायचा माहीत नाही.

अनुजा_प
(२३ डिसेंबर) अपडेट.

दीर तीन शर्ट घेऊन आले. एक सलनचा, पाठभर घुबड, आत गळ्याशी कलाकाराचं नाव छापलेलं. दुसरा घराजवळच्या टॅटूच्या दुकानाचा, त्यावर नांगर आणि चिमणी. तिसरा त्याच दुकानाचा, पण तो त्यांनी स्वतःसाठी घेतलाय आणि काल तोच घालून भाजी आणायला गेले. दुकानात पाऊण तास बसले होते म्हणे. ते चित्र काढणारी मुलगी पाठीवर मासा गोंदत होती, काम थांबवून उठली आणि कुठल्या मापाचा हवा विचारलं. "स्वच्छता आपल्या डेंटिस्टपेक्षा जास्त होती," हे त्यांचं मत.

भाच्याने शर्ट हातात घेऊन आधी उलटा केला, मग वास घेतला, मग ताणला. स्क्रीनवालेदादा, मी त्याला तुमचं काहीही सांगितलेलं नव्हतं! नांगराचा त्याने अंगातून काढलेलाच नाही.

आता नवीनच काढलंय. त्याच्या आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या डाव्या हातावर गोंदण आहे, तुळस आणि खाली ठिपक्यांची रांग. काल दुपारी तिचा हात मांडीवर घेऊन त्याने ते कागदावर उतरवलं. आई म्हणाली, वाकडं आहे ते, गोंदताना मी हात ओढला होता, तू सरळ काढ. त्याने वाकडंच काढलं. याचे शर्ट छापायचे म्हणतोय. @स्क्रीनवाला_इचल, थोडे नग करून देता का?

स्क्रीनवाला_इचल
करू की. किती रंग?

अनुजा_प
एकच. गोंदणाचा हिरवा.

स्क्रीनवाला_इचल
तो हिरवा डब्यातला नाही मिळत, हिरव्यात काळा-निळा मिसळून बनवावा लागेल. आजींच्या हाताचा फोटो पाठवा, उन्हात काढलेला, ट्यूबलाइटखाली नको. फ्रेम एकच लागेल, पण दहाच्या खाली नग परवडत नाहीत. आणि कोपऱ्यात सही कुणाची टाकायची ते घरात ठरवून कळवा, भाच्याची की आजींची.